ऐकू येतंय का? – सार्वजनिक सेवेतील बिनतारी अभियंत्यांची गोष्ट

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसाजवळचा वायरलेस संच आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्यातून सतत खरखर येत असते, मध्येच एखादा तुटक आवाज येतो, पोलीस बटण दाबून दोन शब्द बोलतो, ‘ओव्हर’ म्हणतो आणि पुन्हा गर्दीकडे वळतो. हे इतके सवयीचे झाले आहे, की आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण विचार करून पाहा. हा माणूस चिंचोळ्या गल्लीत, सिमेंटच्या इमारतींच्या आडोशाला, ढोल-ताशांच्या गजरात उभा आहे. त्याच्या हातातल्या संचाची शक्ती घरातल्या लहानशा दिव्याएवढी, म्हणजे जेमतेम पाच वॅट. तरीही त्याचा आवाज काही किलोमीटरवरच्या नियंत्रण कक्षात पोहोचतो. तो आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचावा म्हणून कोणीतरी डोंगरावर मनोरा उभारलेला असतो, आकडेमोड केलेली असते आणि रस्त्यारस्त्यावर फिरून आवाज तपासलेला असतो.

पोलीस, अग्निशमन दल, वन विभाग, रेल्वे अशा सार्वजनिक संस्थांसाठी हे काम करणाऱ्या बिनतारी अभियंत्यांची नावे विज्ञानाच्या इतिहासात फारशी येत नाहीत. मार्कोनी आणि जगदीशचंद्र बोस आपल्या पाठ्यपुस्तकात असतात; पण त्यांच्या शोधाचे रूपांतर भरवशाच्या सेवेत कोणी केले, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात त्या कामाचा इतिहास पाहू. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, म्हणून उदाहरणेही बहुतेक तिथलीच आहेत. या इतिहासात एक सूत्र दिसते. प्रत्येक टप्प्यावर खरा प्रश्न होता तो बोलण्याचा नव्हे, ऐकू येण्याचा.

एकतर्फी आज्ञा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर झाले होते. मोटारी स्वस्त झाल्या, तशा त्या चोरांच्याही हाती आल्या. गुन्हा करून गाडीतून पळणाऱ्याला पकडायचे, तर गस्तीवरच्या पोलिसाला बातमी ताबडतोब कळायला हवी. पण गस्तीची गाडी एकदा ठाण्याबाहेर पडली की तिचा संपर्क तुटे. पोलीस अधूनमधून थांबून टेलिफोन करी, तेव्हाच त्याला काही कळे.

डेट्रॉइटचे पोलीस आयुक्त विल्यम रटलेज यांनी यावर बिनतारी उपाय शोधायचे ठरवले. पोलीस दलातील केनेथ कॉक्स आणि रॉबर्ट बॅट्स हा तरुण रेडिओतज्ज्ञ यांनी प्रयोग सुरू केले. पहिली अडचण तांत्रिक नव्हती, कागदोपत्री होती. पोलिसांसाठी बिनतारी परवान्याचा वेगळा वर्गच त्या वेळी नव्हता. ‘केओपी’ या त्यांच्या केंद्राला मिळालेला परवाना मनोरंजनाचा होता. त्यामुळे चोरीच्या गाडीचे वर्णन सांगण्याआधी संगीत वाजवावे लागे! आज हसू येते. पण सरकारी यंत्रणेत काम करणाऱ्या अभियंत्याचा अर्धा वेळ परवाने आणि नियम यांच्याशी झगडण्यात जातो, हे पहिल्या दिवसापासून खरे आहे.

दुसरी अडचण गाडीतल्या ग्राहक संचाची होती. शहरातून संदेश पाठवणे अवघड नव्हते. तो खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत ऐकू येणे अवघड होते. घरातला रेडिओ मेजावर स्थिर असतो. गाडीतल्या रेडिओला धक्के बसत, काचेच्या नळ्या हादरत आणि लावलेले केंद्र सुटून जाई. पोलिसाने गाडी चालवायची की रेडिओची चकती फिरवत बसायचे? बॅट्स यांनी शेवटी धक्के सोसणारा आणि केंद्र न सोडणारा संच तयार केला. त्यामागचे तत्त्व होते एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली शोधलेल्या सुपरहेटेरोडाइन मंडलाचे. सात वर्षांच्या खटपटीनंतर ७ एप्रिल १९२८ रोजी डेट्रॉइट पोलिसांची नियमित बिनतारी सेवा बेल आइल या नदीतल्या बेटावरून सुरू झाली. थोड्याच वर्षांत इतर शहरांनी तिचे अनुकरण केले.

ही सेवा एकतर्फी होती. नियंत्रण कक्ष बोले, गाडी ऐके. गाडीने संदेश ऐकला की नाही, हे कक्षाला कळायला मार्ग नव्हता. पोलिसाला काही सांगायचे असेल, मदत हवी असेल, तर पुन्हा टेलिफोन शोधणे आले. जो माणूस संकटाच्या जागी प्रत्यक्ष उभा होता, नेमका त्यालाच आवाज नव्हता.

गाडीलाही आवाज

गाडीत प्रक्षेपक बसवणे सोपे नव्हते. त्या काळच्या प्रक्षेपकाला भरपूर वीज लागे आणि लांब लहरींसाठी लांब अँटेना लागे. यातून वाट निघाली ती लहरी आखूड करण्याने. वारंवारता वाढवली की तरंगलांबी कमी होते आणि अँटेनाही लहान चालते. तरंगलांबीच्या पाव भागाएवढी अँटेना चांगले काम करते, हा साधा नियम. ३०० मीटर लांबीच्या मध्यम लहरीसाठी ७५ मीटरची अँटेना लागेल. ८ मीटरच्या लहरीला २ मीटरची दांडी पुरते आणि ती गाडीवर सहज बसते.

१९३३ साली न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या छोट्या शहराच्या पोलिसांनी अशा अतिउच्च वारंवारतेवर दुतर्फी सेवा सुरू केली. रेडिओ अभियंता फ्रँक गुंथर आणि पोलिसांचे केंद्र सांभाळणारे व्हिन्सेंट डॉयल या दोघांनी ती उभी केली. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एक जण यंत्र जाणणारा होता, दुसरा रोज ते यंत्र वापरणारा. सार्वजनिक बिनतारी यंत्रणा जिथे जिथे यशस्वी झाली, तिथे ही जोडी आढळते. आता गाडी कक्षाशी बोलू शकत होती आणि गाड्या एकमेकींशीही बोलू शकत होत्या.

हर्ट्झची ठिणगी आणि कनेक्टिकटचा प्राध्यापक

दुतर्फी बोलणे सुरू झाले, पण ऐकू येत होते का? गाडीतल्या ग्राहक संचाचा सर्वांत मोठा शत्रू होता गाडीचे स्वतःचेच इंजिन. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७ साली विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या, त्या विजेची ठिणगी पाडून. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग मिनिटाला हजारो ठिणग्या पाडतो. म्हणजे प्रत्येक मोटार हे हर्ट्झचे छोटेसे प्रक्षेपण केंद्रच आहे! त्या ठिणग्यांची खरखर रेडिओत संदेशावर चढून बसे.

त्याचे कारण ए.एम. पद्धतीत होते. या पद्धतीत बोलणाऱ्याच्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची, म्हणजे आयाम बदलतो. ठिणगीमुळेही आयामच बदलतो. ग्राहक संचाला कुठला बदल माणसाचा आणि कुठला ठिणगीचा, हे ओळखता येत नाही. आर्मस्ट्राँग यांनी आयाम तसाच ठेवून आवाजाच्या चढउताराप्रमाणे वारंवारता बदलायची असे ठरवले. हीच एफ.एम. पद्धत. ग्राहक संचात लहरीचा वाढलेला आयाम सरळ छाटून टाकायचा. ठिणगीची खरखर त्याबरोबर बरीचशी निघून जाते आणि संदेश वारंवारतेत सुरक्षित राहतो. जॉन कार्सन या नामवंत गणितज्ञाने १९२२ साली एफ.एम.पासून काही फायदा नाही, असा निष्कर्ष काढला होता. त्यांनी वारंवारतेतला बदल अगदी अरुंद ठेवण्याचा विचार केला होता. आर्मस्ट्राँग यांनी तो मुद्दाम रुंद केला आणि तिथेच यश मिळाले. १९३३ मध्ये त्यांना पेटंटे मिळाली, १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जाहीर प्रात्यक्षिक झाले.

ही पद्धत पोलिसांच्या गाडीत आणण्याचे काम एका शिक्षकाने केले. कनेक्टिकट विद्यापीठात शिकवणारे डॅनियल नोबल यांच्याकडे राज्य पोलीस दलाने सल्ला मागितला. कनेक्टिकट हे टेकड्यांचे राज्य. एका शहरापुरती नव्हे, तर राज्यभर चालेल अशी यंत्रणा हवी होती. नोबल यांनी एफ.एम.ची निवड केली. फ्रेड लिंक यांच्या कंपनीच्या अभियंत्यांनी संच बनवले. १९४० साली हार्टफर्ड येथून ही दुतर्फी एफ.एम. यंत्रणा सुरू झाली आणि पुढे तीच देशभर प्रमाण मानली गेली. नोबल त्याच वर्षी पुढे मोटोरोला या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीत गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी पाठीवर वाहिलेला एफ.एम. वॉकीटॉकी तिथे तयार झाला. आपल्या पोलिसाच्या हातातल्या संचाचा तो पूर्वज.

एफ.एम.चा आणखी एक गुण आहे, जो दोषही ठरू शकतो. एकाच वारंवारतेवर दोन संदेश आले, तर ए.एम.मध्ये दोन्ही एकात एक मिसळून ऐकू येतात. एफ.एम.मध्ये जो जोरदार असेल तो दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. यामुळे दूरच्या केंद्राचा उपद्रव टळतो. पण दोघे पोलीस एकदम बोलले, तर जवळच्याचा आवाज पोहोचतो आणि दूरचा बोलतो आहे याचा पत्ताही लागत नाही. ही गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

डोंगरावरून किती दिसते?

अतिउच्च वारंवारतेच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने त्या क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. अभियंता एक सोपे सूत्र वापरतो: उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. (नुसत्या दृष्टीच्या क्षितिजासाठी हा आकडा सुमारे ३.५७ आहे; वातावरणात लहरी किंचित खाली वळतात, म्हणून रेडिओचे क्षितिज जरा लांब असते.)

दोन गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून २ मीटर उंच आहेत असे धरू. प्रत्येकीचे क्षितिज सुमारे ५.८ किलोमीटर. म्हणजे अगदी सपाट मैदानातही त्या ११-१२ किलोमीटरपलीकडे एकमेकींशी बोलू शकणार नाहीत. आता मध्ये १०० मीटर उंच टेकडीवर पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर ठेवला, तर टेकडीचे क्षितिज ४१ किलोमीटर आणि गाडीचे ५.८ मिळून गाडी ४७ किलोमीटर दूर गेली तरी संपर्क राहतो. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तेच पुन्हा मोठ्याने बोलतो. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा का आहे, हे विद्यार्थ्यांना याच सूत्रावरून समजावता येईल.

पण सूत्र कागदावरचे. प्रत्यक्षात डोंगराला सावली असते. सह्याद्रीतल्या खोल दरीतले गाव मनोऱ्यापासून दहाच किलोमीटरवर असले, तरी तिथे काही ऐकू येणार नाही. शिवाय जाण्याचा आणि येण्याचा मार्ग सारखा नसतो. टेकडीवरचा प्रक्षेपक १०० वॅटचा, हातातला संच ५ वॅटचा. टेकडीचा आवाज वीसपट शक्तीने खाली येतो. खालचा आवाज मात्र कमरेला लटकलेल्या, शरीराने अर्धी झाकलेल्या अँटेनातून वर जायचा असतो. परिणामी शिपायाला कक्ष ऐकू येतो, पण कक्षाला शिपाई ऐकू येत नाही. तो आपला म्हणतो, ‘ऐकू येतंय का?’ आणि त्याला समोरून तोच प्रश्न ऐकू येतो.

म्हणून जाणता अभियंता यंत्रणेची आखणी प्रक्षेपकाच्या बाजूने करत नाही. तो सर्वांत दुबळा संच घेतो, तो सर्वांत वाईट जागी ठेवतो आणि तिथून बोललेला शब्द कसा पोहोचेल, असे विचारतो. यासाठी अनेक ठिकाणी नुसते ग्राहक संच बसवतात. एकच आवाज चार जागी ऐकला जातो आणि त्यातला सर्वांत स्पष्ट असेल तो यंत्रणा निवडते. चार कान आणि एक तोंड, अशी ही रचना असते.

रोजचे काम

यंत्रणा उभी राहिली की काम संपले असे नाही, तिथे ते सुरू होते. डोंगरावरची वीज गेली तर बॅटरी किती तास चालेल? जनित्रात डिझेल आहे का? मनोऱ्यावर वीज पडली तर ती जमिनीत नीट उतरेल का? तांब्याच्या पट्टीचा गंजलेला एक जोड हजारो रुपयांचे संच जाळू शकतो.

मग उपद्रवाचा शोध. समजा एकाच मनोऱ्यावर १५५.० आणि १५५.६ मेगाहर्ट्झचे दोन प्रक्षेपक आहेत. एखाद्या गंजलेल्या नटबोल्टात किंवा तारेच्या कुंपणात या लहरी मिसळल्या, तर नव्याच वारंवारता जन्माला येतात. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा करा: ३१०.० – १५५.६ = १५४.४. या वारंवारतेवर अग्निशमन दलाचा ग्राहक असेल, तर त्यांच्या संचात पोलिसांचे बोलणे घुमू लागते. कोणाचाही संच बिघडलेला नसतो. दोष कुंपणाचा असतो! असा दोष हातात दिशादर्शक अँटेना घेऊन, पावले मोजत शोधावा लागतो.

आणि मग रस्तोरस्ती तपासणी. गाडीतून फिरत ठिकठिकाणी थांबून एक जण ठराविक वाक्ये बोलतो, दुसरा ऐकून पाचपैकी गुण देतो. सार्वजनिक सेवेसाठी बहुधा ३.४ गुणांची अपेक्षा असते. शब्द समजले पाहिजेत आणि पुन्हा सांगायची वेळ क्वचितच यावी, असा त्याचा अर्थ.

करारात बहुतेक वेळा लिहिलेले असते: ९५ टक्के क्षेत्रात आवाज पोहोचला पाहिजे. आकडा भला वाटतो. पण १०,००० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात उरलेले पाच टक्के म्हणजे ५०० चौरस किलोमीटर. ते कुठे आहेत? सहसा दऱ्यांत, जंगलात, तळघरांत आणि भुयारांत. म्हणजे जिथे मदत मागण्याची पाळी येते, तिथेच. नव्या मनोऱ्याचा खर्च मागताना अभियंत्याला अधिकाऱ्यांना हेच समजावून सांगायचे असते, आणि काही दुर्घटना झालेली नसताना ते सांगणे फार कठीण जाते.

एका शाळामास्तराचे गणित

शहरे वाढली, संच वाढले. वारंवारता मात्र मोजक्याच. पोलिसांची वाहिनी भरलेली आणि शेजारची पाणीपुरवठा विभागाची रिकामी, असे होऊ लागले. १९७० च्या दशकात यावर ‘ट्रंकिंग’ हा उपाय पुढे आला. बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सर्वांची एकच रांग करावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जावा, तसे हे आहे. संगणक सर्व वाहिन्या एकत्र सांभाळतो आणि मागणी येईल तशी मोकळी वाहिनी देतो.

याचे गणित त्याआधीच तयार होते. डेन्मार्कमधील ए. के. अर्लांग हे काही वर्षे शाळांमधून शिकवत होते. १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेले आणि किती फोनसाठी किती तारा पुरतील, या प्रश्नाला त्यांनी संभाव्यतेचे गणित लावले. त्यांचे सूत्र १९१७ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून काढलेले आकडे पाहा. पाच विभागांना प्रत्येकी एक वाहिनी आहे आणि प्रत्येकाची गरज तासाला १२ मिनिटांची आहे. अशा वेळी सुमारे सहापैकी एका प्रयत्नात वाहिनी अडलेली सापडते. त्याच पाच वाहिन्या एकत्र केल्या, तर सुमारे सव्वातीनशेपैकी फक्त एकाच प्रयत्नात नकार मिळतो. एकही नवी वाहिनी न घेता हा लाभ!

पण मोठ्या आगीच्या दिवशी बोलणे पाचपट झाले तर? तेच सूत्र सांगते, की मग एकत्रित यंत्रणेतही दहापैकी जवळजवळ तीन प्रयत्न वाया जातील. म्हणून सार्वजनिक सेवेचा अभियंता सरासरी दिवसाचे गणित करून थांबत नाही. संकटाचे वेगळे बटण, कोणाला आधी वाहिनी द्यायची याचा क्रम, यंत्रणाच कोलमडली तर संच ते संच थेट बोलण्याची सोय, हे सारे त्या एका वाईट दिवसासाठी असते.

तो दिवस

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये असा दिवस आला. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांवर १९९३ सालीही बाँबहल्ला झाला होता. त्या वेळी अग्निशमन दलाचे हातातले संच उंच इमारतीत नीट चालले नाहीत, म्हणून नंतर त्या संकुलात त्यांच्यासाठी रिपीटर बसवला गेला. म्हणजे दोष ओळखला होता आणि उपायही केला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये दलाने नवे अंकीय, म्हणजे डिजिटल संच वापरात आणले होते. एका आगीत अडकलेल्या जवानाची हाक त्यांवरून ऐकली गेली नाही आणि काही दिवसांतच ते परत घेण्यात आले. सप्टेंबरमध्ये जवानांच्या हाती पुन्हा जुनेच संच होते.

त्या दिवशी काय झाले, हे चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालात नोंदलेले आहे. रिपीटर वापरण्यासाठी नियंत्रण फलकावर दोन बटणे होती. एकाने रिपीटर सुरू होई. दुसऱ्याने उत्तर मनोऱ्याच्या दालनातला मुख्य हातसंच जोडला जाई. पहिले बटण दाबले गेले, दुसरे नाही. तिथल्या प्रमुखांनी चाचणी घेतली, आवाज येईना, तेव्हा रिपीटर बंद आहे असे समजून त्यांनी साधी वाहिनी निवडली. प्रत्यक्षात रिपीटर चालू होता! दक्षिण मनोऱ्यात तो वापरला गेला आणि तिथे वर चढलेले बटालियन प्रमुख ओरिओ पामर ७८ व्या मजल्यावरून संदेश देत होते. उत्तर मनोऱ्यात मात्र एकाच वाहिनीवर असंख्य जण एकदम बोलत होते. एफ.एम.चा स्वभाव आपण पाहिलाच आहे: अशा वेळी दुबळा आवाज पुसला जातो.

सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. उत्तर मनोऱ्यातून बाहेर पडण्याचा हुकूम दिला गेला. काही जवानांनी तो ऐकला, अनेकांनी नाही. पोलिसांची हेलिकॉप्टरे वरून उरलेल्या मनोऱ्याची अवस्था पाहत होती आणि इशारे देत होती. पण पोलिसांची आणि अग्निशमन दलाची वाहिनी वेगळी होती, ते इशारे आगीच्या प्रमुखांपर्यंत पोहोचले नाहीत. १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोराही कोसळला. दलाचे ३४३ जण त्या दिवशी मृत्युमुखी पडले. हे सर्व केवळ रेडिओमुळे झाले असे म्हणता येणार नाही. हुकूम ऐकूनही काही जवान सोबत्यांसाठी आणि नागरिकांसाठी मागे थांबले होते. पण ज्यांच्यापर्यंत शब्दच पोहोचला नाही, त्यांना निवड करण्याची संधीही मिळाली नाही.

अभियंत्यासाठी यातला धडा एका बटणाचा आहे. यंत्र चालू आहे हे पुरेसे नाही. ते चालू आहे हे घाईत, धुरात, घाबरलेल्या माणसाला कळले पाहिजे. बेयॉनमध्ये यंत्र बनवणारा आणि वापरणारा शेजारी बसत होते. ते अंतर वाढले की असे घडते.

नवे तंत्र, जुना प्रश्न

त्यानंतर अमेरिकेत उंच इमारतींच्या आतही अग्निशमन दलाचा रेडिओ चालला पाहिजे, असे नियम अनेक ठिकाणी झाले. २०१२ च्या कायद्याने सार्वजनिक सुरक्षेसाठी देशव्यापी ब्रॉडबँड जाळे उभारायचे ठरले. अंकीय संच आता सर्वत्र आहेत. त्यांचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. पण संकेत एका मर्यादेखाली गेला की कड्यावरून पडावे तसा एकदम नाहीसा होतो. जुन्या संचात खरखर वाढू लागली की जवानाला कळे, आपण संपर्काबाहेर चाललो आहोत. ती खरखरच एक सूचना होती. शिवाय आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असते. मागे करवत किंवा धोक्याची घंटा वाजत असेल तर ती गोंधळते. २००८ साली अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळेने अशा गोंगाटात चाचण्या घेतल्या, तेव्हा काही परिस्थितींत जुने संच अधिक समजण्यासारखे ठरले.

आपल्याकडे पोलिसांच्या बिनतारी सेवेचा समन्वय करणारी केंद्रीय यंत्रणा १९४६ पासूनची आहे. मोबाइल फोन आल्यावर वायरलेसची गरज काय, असे अनेकांना वाटू लागले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अनेक भागांत मोबाइल मुके झाले, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. मोबाइलचे जाळे नेहमीच्या दिवसासाठी आखलेले असते. सार्वजनिक बिनतारी यंत्रणा त्या एका दिवसासाठी असते.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. मध्यम लहरी आणि एफ.एम. दोन्ही घेणारा ट्रान्झिस्टर मिळाला, तर तो मिक्सरजवळ ठेवून दोन्ही पट्टे लावून पाहा. कुठे खरखर जास्त येते हे मुलांना लगेच कळेल. मग एफ.एम. केंद्र लावून ट्रान्झिस्टर स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवा आणि झाकण हळूहळू लावा. आवाज कोणत्या क्षणी जातो ते मुलांना टिपून ठेवू द्या. नंतर त्यांना शाळेचा नकाशा काढायला सांगा आणि आवाज कुठे पोहोचणार नाही याचा अंदाज बांधू द्या. जिना, तळघर, लोखंडी पत्र्याची खोली त्यांना आपोआप सापडेल.

आणि शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: त्या जागी कोणी अडकले, तर त्याचे ऐकायला कोण आहे? बिनतारी अभियंत्याचे काम या प्रश्नापासून सुरू होते.